पहिला रिस्टोरेशन प्रोजेक्ट: जाम इंजिनची येझदी की परराज्याची चालू बुलेट?

गोदातीर (धागाकर्ता)
मंडळी, पहिलाच प्रोजेक्ट आहे, सल्ला हवा. दोन गाड्या समोर आहेत, घ्यायची एकच.

पहिली येझदी रोडकिंग, ८० च्या दशकातली, परतूरकडच्या एका वाड्यात उभी. जुना तीन अक्षरी नंबर. पत्रा जवळपास पूर्ण आहे: दोन्ही सायलेन्सर, बंद चेनकव्हर, साइड पॅनल, मीटर, सगळं जागेवर. इंजिन जाम. आरसी बुक सापडत नाही. मूळ मालक वारले, मुलं विकायला तयार आहेत.

दुसरी बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिन, केए-३८ पासिंग, उदगीरला. दोन-तीन किकमध्ये चालू होते. आरसी आहे, पण इंजिनवरचा नंबर आरसीशी जुळत नाही. मालक म्हणतो, "इंजिन मागं बदललंय, काही होत नाही." मूळ मडगार्ड, सीट आणि बॅटरी बॉक्स नाहीत.

किंमत उन्नीस-बीस. माझा कल चालू गाडीकडे आहे. जालन्यात शेड आहे, साधी हत्यारं आहेत. काय करावं?

बालाघाटी
चालू गाडीकडे कल असणं साहजिक आहे, पण प्रोजेक्टसाठी गाडी घेताना इंजिन चालू आहे का हे मी सगळ्यात शेवटी बघायला सांगेन. चालू असलं तरी ते उघडणारच आहात. सील, बेअरिंग, पिस्टन, रिंगा हा खर्च दोन्हीकडे धरूनच चला. झिजलेलं आणि तुटलेलं लेथवर बनतं. हरवलेला मूळ पत्रा बनत नाही, तो शोधावा लागतो आणि मिळाला तर समोरचा सांगेल त्या भावाने घ्यावा लागतो. बुलेटचा पत्रा बाजारात मिळतो हे खरं, पण तो जाडीला पातळ आणि भोकं दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे. रंगाचं काम झाल्यावर हे लक्षात येतं.

माझा क्रम: कागद, चेसिस, पत्रा, मग इंजिन.

टूस्ट्रोकभक्त
बाडीस (बाय डीफॉल्ट सहमत). येझदी घ्या. विषय संपला. :)

वैजनाथ
बुलेट बघून शेजारी रामराम घालतो. येझदी बघून मोबाइल काढतो. राजदूत बघून विचारतो, दूध आहे का?

कागदपत्रे_काका
विषय संपला कसा? दोन्ही गाड्यांचे कागद अडलेले आहेत, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी. सविस्तर लिहितो.

आधी येझदी. मालक वारले आहेत, म्हणजे मुलांनी हस्तांतराच्या फॉर्म २९-३० वर केलेल्या सहीला अर्थ नाही. गाडी आधी वारसाच्या नावावर यायला हवी. त्याला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकी वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रावर. त्यानंतर वारसाकडून तुमच्या नावावर, तिथे २९ आणि ३०. आरसी हरवली आहे म्हणून पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद आणि डुप्लिकेटसाठी फॉर्म २६. नोंदणीची १५ वर्षं कधीच संपली, म्हणून नूतनीकरणाचा फॉर्म २५, गाडी प्रत्यक्ष दाखवून. पास झाली की पुढची ५ वर्षं. सोबत पर्यावरण कर, चालू विमा, पीयूसी आणि उशिराचा दंड.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट बघा: त्या नंबराची नोंद ऑनलाइन 'वाहन' प्रणालीत आहे का? तीन अक्षरी नंबरांच्या बऱ्याच नोंदी अजून जाड रजिस्टरातच पडून आहेत. तसं असेल तर नोंदणी झालेल्या कार्यालयात अर्ज करून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. ती झाल्याशिवाय डुप्लिकेट आरसी निघत नाही, हस्तांतर होत नाही, हाय सिक्युरिटी नंबर प्लेटसुद्धा बुक होत नाही. आणि ती प्लेट एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना लागते. रजिस्टरच सापडलं नाही तर गाडी शोपीस.

आता बुलेट. केए-३८ म्हणजे बिदर. तिथून फॉर्म २८ ची एनओसी, मग आपल्याकडे नवा नंबर आणि रोड टॅक्स. हे रोजचं काम आहे, होतं. अडचण इंजिनची आहे. इंजिन बदललं तर आरसीवर तशी नोंद लागते, आणि त्यासाठी इंजिनाच्या खरेदीचं बिल किंवा ते ज्या गाडीतून काढलं तिचे कागद. "काही होत नाही" हे बिल नव्हे. तपासणीत चेसिस आणि इंजिन दोन्हींची पेन्सिलछाप घेतात. जुळलं नाही की फाइल तिथेच थांबते. ते इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर पुढचं तुम्हीच समजून घ्या.

गोदातीर
काका, आभार. म्हणजे बुलेटची आरसी हातात असून ती जास्त अडचणीची?

कागदपत्रे_काका
हो. येझदीचे कागद लांबचे पण सरळ आहेत. बुलेटचे जवळचे पण वाकडे. मालकाने बिल काढून दाखवलं तर मत बदलेन.

दोन्हीकडे आरसीवर बँकेचा बोजा चढलेला आहे का तेही बघा. कर्ज तेव्हाच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कोणी दिलेला नसतो. आज ती बँक दुसरीत विलीन झाली असेल तर त्या दुसऱ्या बँकेकडून पत्र आणावं लागतं.

उदगिरी_बाबू
एक विचारू का? जुन्या गाड्यांना ते व्हिंटेजचं पासिंग मिळायलंय म्हणतेत. ते करून टाकलं की झालं ना?

कागदपत्रे_काका
बाबू, ते नियम २०२१ चे. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी पाहिजे आणि मूळ रूपात पाहिजे. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. आणि ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. ८० च्या दशकातल्या येझदीला अजून अवकाश आहे. साधं नूतनीकरणच बरं.

लेथवाला_जालना
आता इंजिनाकडे या. जाम म्हणजे काय जाम, ते घेण्याआधी बघता येतं, पैसे लागत नाहीत. प्लग काढा आणि एका बाजूचा सायलेन्सर पाइप सोडवा. येझदीला एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जायची सिलिंडरची भोकं) दोन आहेत, टॉर्च मारली की पिस्टनची भिंत आणि रिंगांची कड दिसते. कोरडा तांबूस गंज दिसला तर सुटतो. पिस्टनवर उभे ओरखडे आणि ॲल्युमिनियम चिकटलेलं दिसलं तर गाडी चालता चालता सीझ (तापून पिस्टन चिकटणं) झालेली आहे. मग बोअर (सिलिंडर आतून कापून मोठा करणं) आलाच, कनेक्टिंग रॉडचाही संशय धरा.

सोडवताना किक मारायची नाही. येझदीत किक आणि गिअर एकाच दांडीवर. जाम इंजिनावर लाथा घातल्या की किकचे दाते आणि शाफ्टच्या खाचा जातात, मग "किक सटकते" म्हणून वेगळं रडगाणं. प्लगच्या भोकातून डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं पातळ तेल) अर्धं-अर्धं ओता, पिस्टन बुडेल इतकं. चार-पाच दिवस राहू द्या, रोज थोडं घाला. मग चौथा गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. झटका नको, नुसतं डोलवायचं. सुटलं तरी लगेच चालू करू नका, वरचा भाग उघडा. रिंगेच्या खाचेत अडकलेला गंज सिलिंडर फाडतो.

बोअरची चिंता नको. आपल्याकडे ट्रॅक्टर आणि डिझेल पंपांमुळे तालुक्याच्या गावीही बोअरिंग मशीन आहे. फक्त तीन गोष्टी तिथे उभं राहून करून घ्या. आधी पिस्टन आणा, मग बोअर करा. स्टँडर्ड ६५ मिमी, पुढे ०.२५ च्या पायऱ्यांनी ओव्हरसाइज. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याच्याच मापाचा बोअर. दुसरं, डिझेल इंजिनाच्या सवयीने तो सैल ठेवेल. क्लिअरन्स पिस्टनवाल्या कंपनीने दिलाय तोच ठेवायचा. तिसरं, टू स्ट्रोकच्या सिलिंडरला पोर्ट असतात. बोअरनंतर त्यांच्या कडा धारदार राहतात, त्या बारीक घासून मोडल्या नाहीत तर रिंग अडकून तुटते. ट्रॅक्टरवाल्याला हे माहीत नसतं, कारण त्याच्या लायनरला पोर्टच नाहीत. शेवटी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फीलर गेजने मोजा. बोअरच्या दर २५ मिमीला साधारण ०.१ मिमी, म्हणजे इथे पाव मिलिमीटरच्या आसपास.

मोंढा_नाका
वाखूसा (वाचनखूण साठवली). लेथवाले दादा, तुमचे प्रतिसाद छापून गॅरेजात लावायला पाहिजेत.

टूस्ट्रोकभक्त
दादांनी वरचं सांगितलं, मी खालचं सांगतो. येझदीचा खरा आजार क्रँकच्या सीलमध्ये. डावीकडे प्रायमरी चेन आणि क्लच तेलात असतात. त्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं. खूण अशी: पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल बाहेर न गळता कमी होतं. उजवीकडे डायनामो, तिथलं सील गेलं तर हवा ओढते. मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), आरपीएम आपोआप चढतो आणि उन्हाळ्यात सीझ. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या पुढे असतो, तिथे ही चूक माफ होत नाही.

म्हणून इंजिन बांधल्यावर गाडीत चढवण्याआधी प्रेशर टेस्ट करा. कार्ब्युरेटरचं तोंड आणि दोन्ही एक्झॉस्ट रबरी बुचाने बंद, एका बुचात व्हॉल्व्ह, सायकलच्या पंपाने ६ पीएसआय. सहा मिनिटं काटा टिकला पाहिजे. पडला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा कुठे येतो ते दिसतं. जास्त हवा भरू नका, चांगलं सील उलटतं.

क्रँक प्रेसफिट, म्हणजे दाबून बसवलेला आहे. रॉड किट बदलायचं तर हायड्रॉलिक प्रेस आणि नंतर डायल गेजवर ट्रूइंग (सरळ करणं). घणाने ठोकून सरळ करणाऱ्याकडे देऊ नका. रॉड बघायची रीत: प्लग काढून पिस्टन वरच्या टोकाजवळ आणा, वरून सळईने दाबा आणि डायनामोचा रोटर हलकेच पुढे-मागे फिरवा. रॉड वर-खाली खेळला तर बाद. आडवा थोडा खेळ असतोच, त्याला घाबरू नका.

रनिंग-इनला (नवं बांधलेलं इंजिन बसेपर्यंत) एक लिटर पेट्रोलला ५० मिली टूटी (टू स्ट्रोकचं तेल), नंतर ४०.

बालाघाटी
नंतर ४० जास्त होतं. जुन्या पुस्तकातलं प्रमाण तेव्हाच्या साध्या तेलाचं आहे. आजच्या चांगल्या टूटीला ३० पुरतं, नाहीतर सायलेन्सर कार्बनने बुजतो.

टूस्ट्रोकभक्त
हळू चालवणाऱ्याला ३० ठीक. तुळजापूरचा घाट डबलसीट, भर दुपारी? ४०. बुजलेला सायलेन्सर साफ करता येतो, सीझ झालेला पिस्टन नाही.

लेथवाला_जालना
दोघांचंही अर्धं बरोबर. तेल वाढवलं की तितकं पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण उलट पातळ होतं. तेल वाढवणाऱ्याने जेटही (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक) बघावा. आता त्यात इथेनॉलची भर. २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला जुना जेट पातळच पडतो. कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली घ्या म्हणजे सुई वर येते, तरी प्लग पांढरा दिसला तर मेन जेट एक नंबर मोठा.

वैजनाथ
ऊस आपला, कारखाना आपला, इथेनॉल आपलं, आणि रबरी नळीही आपलीच गळायलीय. आत्मनिर्भर!

तारवाली
वैजनाथ, नळीचं हसण्यावारी नेऊ नका. जुनी काळी नळी, पेट्रोल कॉकचं रबर, फ्लोटच्या सुईचं टोक हे तिन्ही इथेनॉलला टिकणारे घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते तळाशी बसतं, टाकी तिथूनच सडते.

टाकी उघडून आत टॉर्च मारली का? वाड्यात उभी म्हणजे आत गंज असणार. किराणा दुकानातलं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरला ५० ते १०० ग्रॅम, टाकी काठोकाठ भरून रात्रभर. मग पाणी, खाण्याच्या सोड्याचं पाणी, पुन्हा पाणी, लगेच उन्हात आणि ड्रायरने कोरडी. कोरडी झाल्या झाल्या आत टूटी फिरवा, नाहीतर तासाभरात पिवळी पडते. भोक असलं तर वेल्डरकडे नेण्याआधी टाकी पाण्याने भरा, वेल्डिंगपुरती जागा मोकळी ठेवा. वर्षानुवर्षं रिकामी टाकीसुद्धा फुटते, वाफ आत असते.

आता माझा विषय. वायरिंग दुरुस्त करत बसू नका, नवं हार्नेस (तारांचा पूर्ण जुडगा) बनवा. धान्याच्या कोठीशेजारी उभ्या गाडीत उंदरांनी काय ठेवलंय ते टेप काढल्याशिवाय दिसत नाही. सहा व्होल्टची असेल तर त्याच वॅटला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. ३५ वॅटच्या दिव्याला जवळपास ६ अँपिअर. मुख्य तार आणि हेडलाइटला २.५ स्क्वेअर मिमी घ्या, ०.७५ घातली तर दिवा पिवळाच पडणार, मग लोक डायनामोला शिव्या देतात. आणि पावडर कोटिंग केलेल्या चेसिसवर अर्थिंग लागत नाही. बॅटरी, इंजिन आणि हेडलाइट, तिन्ही जागी बोल्टखालचा रंग खरवडा, किंवा अर्थिंगची वेगळी तार बॅटरीपर्यंत आणा. नव्या रंगाच्या गाडीचे निम्मे इलेक्ट्रिक आजार एवढ्याने जातात.

कागदपत्रे_काका
तारवालीताईंनी पावडर कोटिंगचा विषय काढलाच आहे तर: ब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने रंग-गंज काढायला) देण्याआधी चेसिस नंबरावर जाड टेप आणि वर पत्र्याची पट्टी. नंबरासह ब्लास्ट केलेलं चेसिस तपासणीत दाखवून बघा. काही लोक अस्पष्ट नंबर "नीट दिसावा" म्हणून पुन्हा ठोकून घेतात. तो गुन्हा ठरतो. घ्यायच्या आधीच अक्षरांची ठेवण, अंतर, आजूबाजूला घासल्याच्या खुणा भिंगाने बघा.

लेथवाला_जालना
आणि इंजिनाचे केसिंग वाळूने ब्लास्ट करू नका, कोणी फुकट करून देतो म्हटलं तरी. वाळू तेलाच्या वाटांत बसते, धुऊन निघत नाही, आणि नवं बेअरिंग शंभर किलोमीटरात आवाज करतं. सायलेन्सरचा कार्बन काढायला कॉस्टिक सोडा चालतो, पण ॲल्युमिनियमला लागू देऊ नका, खाऊन टाकतो.

उदगिरी_बाबू
मला तर वाटायलंय यामाहा आरएक्स १०० घ्यावी. पुढं भाव दुप्पट.

मोंढा_नाका
झालं, आला आरएक्स. धाग्याचं नशीब, दुसऱ्या पानापर्यंत वाचला.

बालाघाटी
आरएक्स १९८५ ते १९९६ एवढीच बनली आणि मागायला अख्खं गाव. त्यामुळे आरएक्स १३५ चं इंजिन घातलेल्या, नंबर घासलेल्या, नव्या पत्र्यावर जुने स्टिकर लावलेल्या आरएक्स आज खऱ्यांपेक्षा जास्त चकचकीत दिसतात. पहिल्या प्रोजेक्टला नको. भाव वाढेल म्हणून गाडी घेणाऱ्याने प्लॉट घ्यावा.

बुलेटच्या बाजूने थोडं बोलतो, नाहीतर एकतर्फी होईल. इंजिन साधं आहे, बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिमी, सुटं गिअरबॉक्स, जागेवरच बरंच काम होतं. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर बसवा: पुशरॉड बोटांनी मोकळा फिरावा, वर-खाली हलू नये. एवढं जमलं की निम्मं जमलं. मात्र बरेच नट-बोल्ट ब्रिटिश मापाचे आहेत. मिलिमीटरच्या पान्याने ओढलेत की नटाचे कोपरे गोल. आणि ती महिनोन्महिने उभी असेल तर इंजिनचं तेल त्याच्या टाकीतून पंपाशेजारून झिरपून संपमध्ये (इंजिनच्या तळात) उतरतं. चालू केल्यावर पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट आला तर रिंगा गेल्या असं लगेच ठरवू नका. संपचा ड्रेन उघडा, उतरलेलं तेल काढा, मग बघा. हा धूर दाखवून भाव पाडता येतो हा भाग वेगळा. ;)

विक्रेता "दोन किकमध्ये चालू" म्हणतो तेव्हा तुम्ही पोचण्याआधी त्याने ती गरम केलेली असते. जाताना आधी इंजिनाला हात लावा.

गोदातीर
मत बदलतंय. येझदीच्या अंगणात शेजारी युरियाची पोती आहेत आणि पलीकडे गोठा. त्याने फरक पडतो का?

टूस्ट्रोकभक्त
पडतो. कोकणातल्या गाडीसारखा सर्वांगाला गंज आपल्याकडे नसतो, हवा कोरडी आहे. पण गोमूत्र आणि खताचे क्षार जिथे लागतात तिथे ते खातात. खालची बाजू बघा: सायलेन्सरचा तळ, स्टँडचे कान, चेनकव्हरचा खालचा अर्धा भाग, रिमच्या आतली बाजू स्पोकच्या निपलजवळ. खताकडच्या बाजूला कार्ब्युरेटर आणि डायनामोचं कव्हर पांढरं भुरभुरीत झालंय का बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सायलेन्सरच्या तळाला हलकं ठोका, बद्द आवाज आला तर पत्रा गेला. मूळ सायलेन्सर वाचत असेल तर किंमत मान्य करा. नवीन मिळतात, येझदीचे बरेच सुटे भाग आजही कोणी ना कोणी बनवतं, पण आवाज तसा येत नाही. आणि २०२२ ला जी नवी येझदी आली तिचे भाग या गाडीला लागत नाहीत, दुकानदार काहीही सांगो.

क्रोमला देताना आधी तांबं-निकेल किती देणार ते ठरवून घ्या. नुसतं वरचं क्रोम मारलं तर एका पावसाळ्यात पिवळे ठिपके येतात.

लेथवाला_जालना
दूध वाहिलेली गाडी असेल तर कॅरिअरचे नट जिथे चेसिसला लागतात तिथे चीर बघा. मॅग्नेट फिरवा, लांबी (पुट्टी) भरली असेल तर तिथे चिकटत नाही.

गोदातीर
ठरलं, येझदी. मुलं म्हणतायत टोकन द्या, नाहीतर जालन्याचाच दुसरा गिऱ्हाईक आहे.

कागदपत्रे_काका
दुसरं गिऱ्हाईक नेहमीच असतं. आधी कार्यालयात नंबराची नोंद बघा. सापडली तरच इसार द्या, तोही स्टँप पेपरवर: सगळ्या वारसांच्या सह्या, चेसिस नंबर, इंजिन नंबर, "वारसनोंद आणि डुप्लिकेट आरसी विक्रेता करून देईल, न झाल्यास इसार परत" हे वाक्य. उरलेली रक्कम हस्तांतराच्या दिवशी. तोपर्यंत एकही नट खोलू नका. व्यवहार फिसकटला तर खोललेली गाडी कोणी परत घेत नाही.

टूस्ट्रोकभक्त
आणणार तेव्हा टाकी रिकामी, गाडी उभीच ठेवून हँडलच्या खालून आणि मागे चेसिसला दोर, मडगार्डला नाही. जुना जाम पिस्टन, फाटकं सीट, तुटकी केबल, काहीही तिथे टाकून येऊ नका. नवीन बनवायला माप तेच असतं.

वैजनाथ
आणि टेम्पोवाल्याला आधीच सांगा हे भंगार नाही म्हणून. नाहीतर वाटेत वरून पत्रे लादतो.